शिंगांचं अक्षर

आलुएलला सोमवारपर्यंत राजधानीत, जुबाच्या विद्यापीठात हजर व्हायचं होतं. युद्धात घरदार गेलेल्या मुलींसाठीची ती शिष्यवृत्ती, आणि बोर गावच्या निर्वासितांच्या छावणीतून तिचं एकटीचं नाव लागलेलं. सोमवार चुकला की जागा दुसरीला जाणार. आणि नेमकी शुक्रवारी दारात मागणीची, मुलीच्या मोलाची गुरं येऊन उभी राहिली. नवरदेव, मादिंग, चार वर्षांपूर्वीच गोळी लागून मेला होता.

त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. मुलगा बिनलग्नाचा गेला तर घरच्यांनी त्याच्या नावानं बायको करायची, भावानं तिच्याशी संसार करायचा, पोरं मेलेल्याची म्हणायची. नाहीतर तो रागावतो, घरात आजारपणं काढतो. मेलेल्यांचे हट्ट जिवंत पोरींनी पुरवायचे, असा सगळा कारभार!

"मादिंगला नाही म्हणायची छाती आहे का कुणाची?" काका म्हणाले. "तुझा बाप असता तरी त्यानं हेच केलं असतं."

"काका, फक्त चार वर्षं द्या मला."

"मी कोण देणारा? तुझ्या नवऱ्याला विचार की!" काकांनी टोमणा मारला. बसलेली माणसं खो खो हसली.

आलुएल हसली नाही. मादिंग तिच्या ओळखीचा होता. छावणीतल्या चिंचेखाली तिनंच त्याला अक्षरं शिकवली होती. गुरांमागे वाढलेला तो दांडगा गडी इंग्रजीतला ए नेहमी उलटा काढायचा. "बघा मास्तरीणबाई, आता त्याला शिंगं आली," म्हणायचा. सहा अक्षरं झाली, आणि पळवलेली गुरं सोडवायला म्हणून तो गेला तो गेलाच.

शनिवारी सकाळी ती काकांसमोर आणि मादिंगच्या भावासमोर, कुओलसमोर, जाऊन उभी राहिली.

"विचारलं मी त्याला. पहाटे स्वप्नात आला होता. म्हणाला, माझं शिकणं अर्धं राहिलंय. तू जुबाला जा, मीही येतो. आधी शिक्षण, मग संसार."

धादांत खोटं होतं ते.

"कसा दिसत होता?" कुओलनं विचारलं.

"हातात त्याच्या बैलाची घंटा होती," ती सुचेल ते बोलून गेली.

कुओल ताडकन उठून उभा राहिला. "ती घंटा मी त्याच्याबरोबर पुरली. एकट्यानं. हिला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मग कुणी वाद घातला नाही. त्याच दिवशी मादिंगच्या नावानं लग्न लागलं आणि रविवारी कुओलनं स्वतः तिला बोटीत बसवून दिलं.

बुधवारी भर दुपारी, वर्ग चालू असताना, शेजारची मुलगी कुजबुजली, "अगं, इथं बैल कुठून आला? घंटा ऐकलीस?"

आलुएलनं खिडकीबाहेर पाहिलं. अंगण रिकामं होतं. घंटा जवळ येत आली आणि तिच्या बाकापाशी थांबली. तिनं वहीकडे नजर वळवली. पहिल्या पानावर तिनं फक्त स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं. त्यातला ए आता उलटा होता. खाली वेड्यावाकड्या हातानं सहा अक्षरं काढलेली होती, आणि त्यांच्यापुढे सातवं. ते तिनं त्याला कधीच शिकवलं नव्हतं.

तिनं त्याच्या तोंडी घातलेला शब्द त्यानं पाळला होता. म्हणजे 'मग संसार' हेही त्यानं नीट ऐकलं असणार. तिला भीती वाटली, आणि तितकीच त्याची दयाही आली.

ती बाकावर हातभर सरकली आणि वही दोघांच्या मधे ठेवली.