सुट्टीची गुरं

परमेश्वर भूजलशास्त्रज्ञ होता. जमिनीखाली पाणी कुठे असण्याची शक्यता आहे, हे तो मोजमापांवरून सांगे. ‘शक्यता’ हा शब्द मात्र कधी वगळत नसे. बोत्स्वानातल्या सेरोवे गावाजवळ एका खासगी कंपनीत त्याला चौथे वर्ष चालू होते. या खेपेस तो नेकनूरजवळच्या वस्तीवर आला, तो वडिलांची मेंढरे विकायचीच असे ठरवून. वडिलांचा, तात्याबांचा, उजवा गुडघा निकामी होत चालला होता. डॉक्टरांनी चालणे बंद करायला सांगितले होते, आणि मेंढरे तर चालल्यावाचून जगत नाहीत. युक्तिवादात फट नव्हती. वर्षभर फोनवरून तो ऐकून ऐकून तात्याबा अखेर “बरं” म्हणाले. व्यापारी आसाराम सकाळी टेम्पो घेऊन येणार होता.

आदल्या संध्याकाळी भाकरी खाताना आई, कडूबाई, म्हणाली, “तिकडं सुट्टीला काय करतोस रे? लोक म्हणत्यात, वाघ बघाया जात्यात.”

“वाघ नाहीत तिकडं, माय. सिंह आहेत. तेही मी एकदाच बघितले.” त्याने मोबाइल पुढे केला.

फोटोत काटेरी फांद्यांचे कुंपण होते, लांब शिंगांची तांबडी गुरे होती, आणि त्यांच्यामागे गमबूट घालून, हातात काठी घेऊन परमेश्वर उभा होता. तात्याबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

“कुणाची गुरं?”

“कबेलोची. आमच्या ऑफिसात हिशेबनीस आहे तो.”

“त्याला गुराखी न्हाई?”

“आहे की.”

“मग तू कावून हाकतोस?”

परमेश्वरने क्रमाने समजावून सांगितले. तिकडे मास्तर असो, पोलीस असो, ऑफिसातला साहेब असो, शनिवार आला की गाडी काढून तो रानातल्या आपल्या गुरांच्या ठाण्यावर जातो. इंजिन लावून हौदात पाणी ओढायचे, गोचिडांचे औषध फवारायचे, लापशीवर आंबट दूध घालून खायचे, शेकोटीपाशी बसून गुरांविषयीच बोलायचे आणि सोमवारी कामावर यायचे. कबेलो त्यालाही घेऊन जाई.

“पगार येगळा देत्यात?”

“नाही.”

“खाणं?”

“आपणच न्यायचं.”

तात्याबा बायकोकडे वळले. “ऐकलंस का? ढोरामागं जायची पाळी येऊ नये म्हणून पोरगं बोर्डिंगात टाकलं. आन ते इमानात बसून ढोरामागं गेलं!”

कडूबाईने तोंडाला पदर लावला, तरी हसू बाहेर आलेच. तात्याबा मात्र हसले नाहीत.

“खरं सांग, नोकरी हाय ना?”

परमेश्वरने कंपनीचे ओळखपत्र दाखवले. तात्याबांनी ओळखपत्रावरचा चेहरा आणि मोबाइलमधला चेहरा आळीपाळीने पाहिला. “ह्यात तू आजारी दिसतोस,” ते ओळखपत्रावर बोट ठेवून म्हणाले. “ढोरामागं बरा दिसतोस. मजा येती?”

“येते.”

“कशानं?”

या प्रश्नावर त्याने पूर्वीही विचार केला होता, आणि पद्धतशीर केला होता. मोकळी हवा म्हणावी, तर ती सेरोवेच्या मैदानातही होती. सोबत म्हणावी, तर पहिल्या वर्षी तिथल्या भारतीयांच्या क्रिकेटला तो नेमाने जात असे आणि नेमाने कंटाळून परत येत असे. लहानपणीची ओढ म्हणावी, तर लहानपणी मेंढरांच्या वासाने त्याला शाळेत मान वर करता येत नसे. एकही कारण कसोटीला टिकले नव्हते.

“माहीत नाही, आबा.”

त्याच्या व्यवसायात हे प्रतिष्ठित उत्तर समजले जाई. इथे ते लपवाछपवीसारखे वाटले.

“त्या कबेलोचा बाप हाय?” तात्याबांनी विचारले.

“आहे. पाय चालत नाहीत. बाजेवर बसून असतो.”

“आन गुरं इकली न्हाईत?”

“नाही. पोरं येतात ना सुट्टीला.”

तात्याबांनी मोबाइल परत दिला आणि भाकरी कुस्करायला घेतली. परमेश्वरला मात्र आपण काय बोलून गेलो, ते जरा उशिराने ऐकू आले.

सकाळी आसाराम आला. मेंढरांत शिरून, एकेकीची पाठ चाचपून तो आधी कोणती भरायची ते ठरवू लागला. “ही घ्या बाहेर.”

“ती नको,” परमेश्वर म्हणाला. “गाभण आहे.”

“बरं. मग ही.”

“तिचं पिल्लू अजून पितंय.”

“हा मेंढा?”

“मेंढा गेल्यावर कळपाचं काय?”

आसारामने कमरेवर हात ठेवले. “सायेब, कळप ऱ्हाणारच न्हाई ना! तुमीच फोन केलता. मग इकायचं काय, काठी?”

आपण अडवतो आहोत हे परमेश्वरला दिसत होते. का, ते दिसत नव्हते. कालपर्यंत ज्या निष्कर्षात फट सापडत नव्हती, तो आजही तसाच होता. गुडघा तोच होता.

“आबा, थोडं थांबू या का?”

तात्याबा खाटेवरून काठीच्या आधाराने उठले. “कितीक?”

“म्हणजे?”

“तुजी सुट्टी पंधरा दिसांची. मग तू इमानात. सोळाव्या दिशी ह्यांच्यामागं कोन चालणार? तुजी माय?” आवाजात राग नव्हता. “वरीसभर तू सांगितलं, मी मन घट्ट केलं. आता मला सैल करू नगंस. भर रे आसाराम.”

विकलेल्या मेंढीच्या पाठीवरची चिमूटभर लोकर ठेवून घ्यायची, म्हणजे कळपाची बरकत घरात राहते, अशी त्यांच्या घरची समजूत. तिला आधार शून्य आहे, हे परमेश्वर शाळेत असल्यापासून सांगत आला होता. मेंढरे टेम्पोत भरून झाली होती, पण तात्याबांचा गुडघा वर चढू देईना.

“तू काढतोस का?” त्यांनी विचारले, जरा संकोचाने.

तो चढला. एकेका पाठीवरून चिमूट घेत मागपर्यंत गेला. मेंढरे त्याच्या पायांवर रेटत होती. आसाराम खालून ओरडला, “सायेब, उतरा, बाजार गाठायचाय!” परमेश्वर उतरला तेव्हा त्याची मूठ भरली होती. टेम्पो धुरळा उडवत निघून गेला.

“आता ही कुठं ठेवायची?” त्याने विचारले.

“घरातच,” तात्याबा म्हणाले. “मेंढरं परत घेईपत्तुर.”

“पण आपण परत घेणार नाही ना?”

“न्हाई,” तात्याबा म्हणाले. मग त्याच्याकडे बघत राहिले, जणू घ्यायची की नाही, ते त्यानेच सांगायचे होते.