ओल्या वर्द्या

"टाका! सगळ्या टाका!" मुकादमीण हौदाच्या कठड्यावर चढून ओरडली आणि आम्ही पोलिसांच्या इस्त्री केलेल्या वर्द्या गठ्ठ्यांनी पाण्यात लोटल्या. खरं सांगते, एवढी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती.

या सरकारी धोबीखान्यात आम्हा बायकांचा जन्म गेला होता. सोड्याने बोटांची सालं निघाली होती. खाणकामगारांवर लाठ्या चालायच्या आणि वर्दीवरचं रक्त आम्ही काढायचो, तेही गार पाण्यात, कारण गरम पाण्यात ते पक्कं बसतं. हे मुकादमिणीनेच आम्हाला शिकवलेलं. पण त्या आठवड्यात खाण कोसळली आणि आत माणसं जिवंत असताना सरकारने खाणीचं तोंड बुजवून टाकलं. आमच्यातल्या दोघींचे भाऊ आत होते. जाब विचारायला गेलेल्यांना पोलिसांनी तुडवलं, आणि प्रत्येक पोलिसाच्या वर्दीचे दोन्ही जोड धुवायला आमच्याकडे आले. आज खाणकामगारांचा मोर्चा कचेरीवर जाणार होता. त्याच वर्द्या घालून पोलीस पुन्हा आडवे येणार होते.

"अगं, हे बंड झालं," खळ लावणारी बाई म्हणाली. "सरकारचं खातो आपण."

"सरकारचं खातो? हात दाखव बघू." मुकादमिणीने तिचेच फाटलेले तळवे तिच्या नाकापुढे धरले. "कोण कुणाला खातंय, दिसतंय का?"

"तरी बंड ते बंडच ना?"

"अर्ज केले, पाया पडलो, रडून झालं. आणखी काय करायचं राहिलं, तू सांग. जिवंत माणसं गाडणारे ते मायबाप, आणि कपडे भिजवले म्हणून मी गुन्हेगार?"

खळवालीने खळीचं अख्खं पातेलंच हौदात उपडं केलं. हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

तेवढ्यात मुकादमिणीचा जावई बनियनवरच धावत आला. पोलिसात नवाच लागला होता. घरी तिची एकुलती एक लेक पोटुशी.

"आई, माझी तेवढी द्या हो. वर्दी नाही तर नोकरी नाही म्हणालेत साहेब."

मुकादमीण कठड्यावरून खाली उतरली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"जावईबापू, पहिली तुमचीच टाकली."

"माझी? घरच्या माणसाची?"

"तुमची बाजूला ठेवली असती तर या पोरींना कुठल्या तोंडानं सांगितलं असतं?"

"आणि तिला काय सांगू मी?"

"सांगा, आईनं भिजवली."

मागोमाग साहेब आलाच. हौद बघून त्याचा तिळपापड झाला. "ओल्याच चढवा!" तो गरजला.

चढवल्या! खळीने बुळबुळीत, गारठलेल्या वर्द्या घालून सगळी पलटण दारापुढच्या रस्त्यावर उभी राहिली. बुटांतून पचपच आवाज येत होता. लाठी उगारली की बाहीतलं पाणी थेट काखेत. समोरून मोर्चा आला, थबकला, आणि पुढची एक म्हातारी फिसकन हसली. मग मागचे हसले. हसू रस्ताभर पसरलं. दात वाजणाऱ्या दोन पोलिसांनाही ते आवरेना. पाणी निथळणाऱ्या माणसाला भिणार कोण? लोक सरळ त्यांच्यामधून चालत कचेरीकडे निघाले. आम्ही धोबीखान्याच्या दारात उड्या मारत होतो, ओरडत होतो. माझा घसा बसला तरी ओरडत होते.

साहेब लालबुंद होऊन आमच्याकडे वळला. "कुणाचा उद्योग हा?"

"माझा," मुकादमीण म्हणाली. "या पोरींनी मी सांगितलं ते केलं."

"धर रे हिला!"

हुकूम सुटला तो नेमका जवळ उभ्या असलेल्या जावयावर. साहेबाला नातं ठाऊक नव्हतं. जावई जागचा हलेना. मुकादमिणीने स्वतःच पुढे होऊन हात त्याच्या हातात दिला. त्याने तो नुसता बोटांच्या टोकांनी धरला.

"घट्ट धरा, जावईबापू," ती हळूच म्हणाली. "साहेब बघतायत."

त्याने मान खाली घालून हात घट्ट धरला. तिने दुसऱ्या हाताने त्याच्या ओल्या शर्टाचं उघडं राहिलेलं बटण लावून दिलं.