दोन ब्रेकची गाडी

बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय, आणि वेगाची नोटीस मला! शाळेसमोर ताशी तीसची मर्यादा, माझी गाडी म्हणे सदतीसवर. डोकंच फिरलं. नोटीस घेतली आणि तडक वाहतूक कार्यालय गाठलं. आज सोक्षमोक्ष लावूनच परतायचं होतं.

नोटिशीवर ज्यांची सही होती, ते साहेब सध्या माझ्याकडेच गाडी शिकत होते.

"मॅडम, नियम म्हणजे नियम," ते मान वर न करता म्हणाले. "तिथून मुलं रस्ता ओलांडतात."

"ते मला शिकवू नका. सही करताना नोटिशीवरचा फोटो बघितलात?"

"रोज तीनशे सह्या करतो. फोटो कुठे बघत बसू?"

मी फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. स्टिअरिंग घट्ट आवळून, डोळे विस्फारून साहेबच बसले होते. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला कोण आनंद झाला!

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "शेजारी तुम्ही आहात. शिकवणीच्या गाडीत दुसरा ब्रेक तुमच्या पायाखाली असतो ना?"

फोटोत मी त्यांच्याकडे वळून हातवारे करत होते. काय बोलत होते, तेही आठवलं. या फालतू कॅमेऱ्यांच्या नावाने खडे फोडत होते.

मी नोटीस घडी करून पर्समध्ये ठेवली.

"उद्या शाळा भरायच्या वेळेलाच या," मी म्हटलं. "तोच रस्ता. काटा तिसाच्या आत राहीपर्यंत ना तुमची सुटका, ना माझी."