सुंदरबाईची पोच

“शंभर रुपये धाडाले पाच रुपये? काऊन हो भाऊ, पैसा काय एस्टीत बसून जाते?”

एकोणनव्वद साल असेल. फैजपूरच्या पोस्टात मनीऑर्डरच्या खिडकीवर चार वर्षं काढली होती मी, पण कमिशनवरून असं कुणी भांडलं नव्हतं. सुंदरबाई सपकाळे केळीच्या मळ्यात मजुरीला जायची. तिची लता धुळ्याला नर्सिंग शिकत होती. नवऱ्यामागे एकटीने पोर वाढवलेली बाई, तिला पाच रुपये जड जाणारच. पण मीही कमी खवट नव्हतो. “मग ओळखीच्या कुणाबरोबर पाठवा, फुकटात जातील,” म्हणालो.

“मागच्या महिन्यात तसेच धाडले ना. पोरीले भेटले का नाही, काय मालूम!” असं म्हणत तिने पदराची गाठ सोडली.

पंधरा दिवसांनी तिच्या घरी पोच गेली. पैसे घेणाऱ्याच्या सहीचा तो तुकडा पाठवणाऱ्याकडे परत येतो. तो घेऊन बाई पुन्हा खिडकीवर हजर.

“हे पोरीनं सोताच्या हातानं लिहेल हाये?”

मी हो म्हटलं. त्यानंतर तीन वर्षं दर महिन्याला वरचे पाच रुपये देताना तिने चकार शब्द काढला नाही. मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मग ब्याण्णवमध्ये उलटी मनीऑर्डर आली. लता नोकरीला लागली होती, आणि पहिल्या पगारातले दोनशे रुपये तिने आईला धाडले होते. पोस्टमन जाई तेव्हा सुंदरबाई मळ्यात असायची, म्हणून तीच पोस्टात आली. मी शाईचा पॅड पुढे सरकवला.

“आंगठा नको. मले सही येते आता.”

जीभ दातांत धरून तिने दोन अक्षरं काढली. मी पाहिलं तर ‘लता’! मला हसूच फुटलं. “अहो मावशी, हे तर पोरीचं नाव.”

“पोरीच्या पोचा समोर ठेवून रोज गिरवलं, भाऊ. सही अशीच राह्यते, असं वाटलं मले.”

मला स्वतःची लाज वाटली. तिने मान खाली घालून अंगठा पुढे केला होता. तो घेऊन मोकळं होता आलं असतं, पण मी पॅड मिटला. ‘लता’वर आडवी रेघ मारली आणि एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत ‘सुंदरबाई’ लिहून दिलं.

“मनीऑर्डर सात दिवस ठेवता येते. तोवर हे गिरवा.”

सातव्या दिवशी ती आली. हात केळीच्या चिकाने काळे झालेले. खोडलेल्या ‘लता’शेजारी तिने एकेक अक्षर मांडलं. ‘बा’ जरा वर चढला, पण नाव तिचं होतं.

“हे पोरीकडे जाईन ना?”

“उद्याच्याच टपालाने.”

तिने समाधानाने मान हलवली आणि चालायला लागली. दोनशे रुपये खिडकीतच राहिले. ते घेऊन तिला हाका मारत मला रस्त्यापर्यंत पळावं लागलं.