हिरव्या खुणेखालचे सहा आकडे

मी फोल्डर बोलतोय, सुवा शहरात काँक्रीट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरमधला. मला तोंड नाही, पण भीती माणसाइतकीच वाटते.

माझा जन्म आळसातून झाला. वुनिसेया बेटावर, वादळात लोकांना आसरा मिळावा म्हणून, सभागृह बांधत होते. त्याच्या खांबांचं काँक्रीट आमच्याकडे तपासायला आलं. नवा फोल्डर करायचा म्हणजे पंधरा रकाने भरा. इथे तेवढं कुणीच करत नाही. इथे नमुने तपासणाऱ्या लिटियाने बोटींच्या जुन्या धक्क्याच्या फोल्डरची नक्कल काढली, नाव बदललं आणि झालो मी!

"आतलं जुनं सगळं पुसलंस ना गं?" साहेबांनी, परमेशभैयांनी विचारलं.

"पुसलं हो भैया! माझ्याच गावचं काम, त्यात घोळ घालीन का?"

पण धक्क्याच्या काँक्रीटच्या मजबुतीचे तीन आकडे माझ्या पोटात तसेच राहिले होते. छत्तीस, सदतीस, पस्तीस.

अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरलेले खांबांचे तीन नमुने यंत्राने दाबून फोडले. आकडे थेट माझ्यात आले: अठरा, एकोणीस, सतरा. हवे होते किमान पंचवीस. माझी तर पाचावर धारण बसली. सॉफ्टवेअरने मात्र सहाही आकड्यांची सरासरी काढली, सत्तावीस, आणि वर हिरवी खूण लावून मोकळं झालं. हिरवं दिसल्यावर खाली कोण वाचतो? लिटियाने आनंदाने सही केली.

त्यानंतर दोन वर्षं मला कुणी उघडलं नाही. टेबलावरच्या रेडिओवर वादळाची बातमी लागली की मी धास्तावायचो. ओरडावंसं वाटे, पण ओरडणार कशाने?

आज दुपारी परमेशभैया घाईघाईने आले. "यंत्रं झाका, फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि घर गाठा. वारा वाढलाय."

लिटियाने गावचा म्हणून मला उघडलं आणि थबकली. "भैया, आपण तीनच नमुने फोडले होते ना? इथे सहा दिसतायत."

परमेशभैयांनी वाकून तारखा वाचल्या. "अगं, वरचे तीन धक्क्याचे! खांबांचे फक्त अठरा, एकोणीस, सतरा!"

लिटियाने फोन लावला, आवाज मोठा केला. "आई, कुठे आहेस?"

"सभागृहात. सगळं गाव इथेच आहे. बायका कसाव्याचे कंद उकडतायत."

"सगळ्यांना बाहेर काढ! शाळेत जा!"

"डोकं फिरलं का तुझं? शाळेचं छप्पर सकाळीच उडालं. आणि घाबरतेस कशाला, बाळा? तूच तपासलंयस ना हे!"

लाइन तुटली.

लिटिया पुन्हा पुन्हा नंबर लावतेय. परमेशभैया बचाव पथकाला फोन करताहेत. कुणाचाच लागत नाही. मला फार भीती वाटते हो. जुन्याची नक्कल काढून नवं काम सुरू कराल, तेव्हा आत काय उरलंय ते आधी वाचा. एवढंच सांगायचं होतं. पण खांब कच्चे आहेत हे ज्यांना आधी सांगायला हवं होतं, ते आता त्या खांबांखाली बसलेत.