झटकलेली धूळ

शहाण्णव साली मी माती खाल्ली, ती अजून दाताखाली लागते.

तेव्हा आमचं कॉलेज तुर्भ्यापासून ऐरोलीपर्यंतची हवा मोजत होतं. गच्चीवरची नव्हे, माणूस कामावर नाकात घेतो ती. कमरेला छोटा पंप, कॉलरपाशी नळी, नळीच्या तोंडाला डबीत बसवलेला पांढरा गोल कागद. दिवसभर धूळ त्या कागदावर बसायची, दुसऱ्या दिवशी मी त्याचं वजन करायचो. पंप दोनच होते, परदेशी, आणि आमच्या प्रमुख नंदिनी मॅडमचा सगळा जीव त्यांत. म्हणून ज्याला त्याला माझं एकच पालुपद, वस्तू जशी दिली तशी परत द्या.

झहूरभाई रबाळ्याच्या एका कारखान्यात काळी पावडर दळायचे. मूळचे उरणकडचे, स्वभावानं लोणी. दोन वर्षं खोकत होते. पॅकिंगला बदली मागितली तर मॅनेजर म्हणाला, कॉलेजचं मोजमाप येऊ दे, मग बघू. पंप बांधून घेताना झहूरभाई मला म्हणाले, "नंदूभाऊ, आता सगळं तुमच्या मशीनवर हाय."

दुसऱ्या सकाळी पंप आणायला त्यांच्या घरी गेलो, तर डबी चकचकीत. त्यांच्या बायकोनं, आरिफाभाभींनी, ती उघडून आतला कागद ओढणीच्या टोकानं हळूच झटकला होता. मागून आणलेलं भांडं त्यांच्या घरातून कधी मळकं परत गेलं नव्हतं, मग साहेबांची वस्तू कशी जाईल? कागद नुसता काळाकुट्ट झाला होता भाऊ, असं लाजत सांगत होत्या. कपाळ माझं! शिकवण माझीच होती.

खरं तर तो कागद बाद करायचा आणि पंप पुन्हा एक दिवस बांधायचा, एवढंच काम. पण मॅडमना सांगावं लागलं असतं. त्यांनी सोलून काढलं असतं, आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. मुलखाचा भित्रा मी. झटकलेल्या कागदाचंच वजन केलं, आला तो इवलासा आकडा लिहिला. साठ माणसांत एक आकडा, कोण बघतंय, अशी स्वतःची समजूत घातली.

मॅनेजरनं बघितला.

तीन महिन्यांनी एपीएमसी मार्केटच्या बाहेर झहूरभाई भेटले. आज सांगूनच टाकायचं असं ठरवून त्यांना चहाला नेलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. उलट माझे आभारच मानायला लागले. बदलीचा अर्ज मागे घेतला म्हणाले, मॅनेजरशी भांडणच नको. बोलता बोलता दोनदा खोकण्यासाठी थांबले.

"हवा चांगलीच हाय तिथली. मशीन कशाला खोटं बोलंल? माजीच छाती कमजोर."

मग हसून म्हणाले, त्याच शेडमध्ये धाकट्या भावालाही, तबरेजला, चिकटवलंय. सोमवारपासून जायला लागला.

मी तोंड उघडलं. चहा गार होतोय, एवढंच म्हणालो.