मायऱ्याचं आमंत्रण

माझा आणि निमिष खेतावतचा साखरपुडा खोटा होता, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं: मला आणि निमिषला. बाकी कोलकात्यातली अख्खी मारवाडी मंडळी दिवाळीपासून आमच्या नावाचे लाडू खात होती. आम्ही एकेका पार्टीत हातात हात घालून मिरवत होतो. त्याच्या हाताला किती घाम येतो ते मला तेव्हाच कळलं.

दादोजी, म्हणजे माझे आजोबा, आमच्या चहामळ्यांच्या कंपनीची खुर्ची मला द्यायला तयार होते, पण त्यांचा एकच हेका: "पोरीचा काय भरवसा? उद्या लग्न करून मुंबईला गेली म्हणजे? जावई कोलकात्यातला हवा, आपल्या तोलाचा हवा." आठ वर्षं मळ्यात मी राबलेय. माझ्या चुलतभावाला मात्र घरचा चहा ओळखता येत नाही, पण तो चालणार होता, कारण तो मुलगा! माझं डोकंच फिरलं. निमिषलाही बापाने पसंत केलेल्या स्थळातून सुटायचं होतं. ठरलं. गुरुवारच्या बैठकीत खुर्ची माझी झाली, की महिनाभराने कडाक्याचं भांडण काढायचं आणि मोडून टाकायचं.

आणि सोमवारी सकाळी आई गूळ घेऊन निघाली.

आमच्यात भाचीच्या लग्नात मामाने मायरा आणायचा असतो, म्हणजे बहिणीला चुनरी, घरच्यांना कपडे, दागिने. त्याचं आमंत्रण द्यायला बहिणीनं स्वतः भावाच्या दारी जायचं, त्याला टिळा लावायचा, गूळ भरवायचा. माझ्या आईने मात्र भावाचं तोंड बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. दादोजींनी मामाजींची तागाची गिरणी घशात घातली तेव्हा मामाजी आईला म्हणाले होते, "बाई, सासऱ्यांकडे एक शब्द टाक." आई गप्प बसली. तेव्हापासून ती राखी देवघरातल्या ठाकुरजींना बांधत आली. आमच्या अलिपूरच्या घरापासून मामाजींचं सॉल्ट लेकचं घर गाडीने अर्ध्या तासावर.

आई मागे गूळ-कुंकवाची थाळी मांडीवर घेऊन बसलेली. गाडी निमिष चालवत होता.

"पंक्चर झाली म्हणून थांबवू का?" तो हळूच म्हणाला.

"बावीस वर्षांनी निघालीये ती. तुझ्या पंक्चरला जुमानेल?"

आई आज झुकणार, आणि महिनाभराने लग्न मोडणार. मामाजींना वाटणार, या बाईने परत मला दगा दिला. मग भाऊ कायमचा गेला. आणि आत्ता तोंड उघडलं तर गुरुवारची खुर्ची गेली.

दार मामींनी उघडलं. आईला बघून त्यांनी पदर तोंडावर धरला. मामाजी आत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली केलं नाही.

"सुरभीचं लग्न आहे, भाईजी. मायऱ्याचं सांगायला आलेय."

"माझी गिरणी तुझ्या सासऱ्याकडेच आहे ना? तिथलीच पोती न्या मायऱ्यात."

आई खाली जमिनीवर बसली. गुडघे दुखतात तिचे. घरी ती पूजेलाही खुर्ची घेते. तिने थाळी पुढे ठेवली.

"तेव्हा एक शब्द बोलले नाही मी, भाईजी. चुकलं माझं. घाबरले होते."

वर्तमानपत्र खाली आलं. मामींनी लगबगीनं पाट मांडला. मामाजी येऊन पाटावर बसले. आईने कुंकवात बोट बुडवलं, आणि मला राहवेना.

"थांब आई! हे लग्न खोटं आहे. खुर्चीसाठी नाटक केलंय मी. लग्न होणारच नाहीये."

मामाजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. "बघ, बाई. आता तुझ्या पोरीनंही खेळणं केलं माझं."

"मीही आहे त्यात, मामाजी," निमिष पुढे येऊन आईच्या बाजूला बसला. "शिव्या दोघांना द्या."

आता आई मला थोबाडीत मारणार, अशी माझी खात्री होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मान भावाकडे वळवली.

"लग्न खोटं असेल, भाईजी," ती म्हणाली. "मी खरी आलेय."

आणि कुंकवाचं बोट तिने भावाच्या कपाळासमोर धरलं. लावलं नाही. नुसतं धरून बसली. हात भरून आला तरी मागे घेतला नाही. दादोजींपुढे मंत्री उभे राहिलेले पाहिलेत मी, बारा बारा मळ्यांचे मालक गयावया करताना पाहिलेत. पण त्या सकाळी जमिनीवर बसलेल्या माझ्या आईएवढं मोठं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. काय बाई आहे ही! आणि मी इतकी वर्षं तिला भित्री समजत होते.

मामाजींनी कपाळ पुढे झुकवलं आणि बोटाला टेकवलं.

मग गुळाचा खडा तोंडात असतानाच ते रडले. "बाई, म्हातारी झालीस गं."

"तुम्ही कुठे कोवळे राहिलात?" आई डोळे पुसत म्हणाली.

मामाजींनी नाक शिंकरलं आणि आवाज चढवला. "टिळा घेतलाय मी. आता मायरा आणणारच. ही पोरगी कधी का लग्न करेना, कुणाशी का करेना." मग निमिषकडे बोट. "तुझं रे काय? नाटक संपलं. ऊठ."

निमिष उठला नाही. "मला बसायचंय, मामाजी."

"कोण म्हणून?"

"ते... सुरभीला विचारावं लागेल."

मी आधी बाहेर गेले आणि दादोजींना फोन लावला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याच तोंडून कळू दे. दोन मिनिटांत खुर्ची चुलतभावाची झाली. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

आत आले तर आई आणि मामाजी एकमेकांना थाळीतला गूळ भरवत होते आणि निमिष तसाच मांडी घालून, माझ्याकडे बघत.

"खुर्ची गेली," मी म्हटलं. "आता आपल्याला एकमेकांचा काही उपयोग नाही."

"माहितीये."

"तरी बसायचंय?"

"हो."

"मग सरक जरा," मी म्हटलं, आणि त्याच्या शेजारी बसले.